मेंदूतलं सेरोटोनिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेरोटोनिनवर कुठेही बोललं की नंतर तेच तेच प्रश्न येतात, कधी सभागृहाच्या दारात, कधी रात्री उशिरा मेलवर. आजवर उत्तरं तुकड्यातुकड्यांत दिली, आता एका जागी लिहून ठेवतोय. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल; जिथे दुसऱ्याशी धागा जुळतो तिथे क्रमांक दिलाय. गोळी सुरू करावी का, बंद करावी का, डोस बदलावा का, याची उत्तरं मात्र इथे नाहीत. ती तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

१. सेरोटोनिन म्हणजे नेमकं काय? ते शोधलं कोणी?

एक छोटासा रेणू. ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल आहारातून येतं. शरीर त्याला एक हायड्रॉक्सिल गट जोडतं, मग त्यातला कार्बॉक्सिल गट काढून टाकतं, की झालं ५-हायड्रॉक्सिट्रिप्टामाइन. शोधनिबंधांत दिसणारं '५-एचटी' ते हेच.

शोध दोनदा लागला म्हणायला हरकत नाही. इटलीत व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना १९३०च्या दशकात आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत स्नायू आकुंचन पाववणारा एक पदार्थ सापडला. त्यांनी त्याला 'एंटेरामिन' म्हटलं. तिकडे अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, अर्डा ग्रीन आणि अर्व्हिन पेज उच्च रक्तदाबामागचं कारण शोधत होते. रक्त गोठलं की सीरममध्ये रक्तवाहिन्या आवळणारं काहीतरी उतरायचं आणि त्यांच्या प्रयोगांत लुडबुड करायचं. १९४८ मध्ये त्यांनी हा लुडबुड्या वेगळा काढला. सीरममधला आणि वाहिन्यांचा ताण, म्हणजे टोन, वाढवणारा, म्हणून नाव सेरोटोनिन. पुढे कळलं की दोन्ही पदार्थ एकच. नावात मनाचा, मूडचा मागमूसही नाही, हे लक्षात असू द्या. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत ते असतं हे १९५३ मध्ये दाखवलं बेटी ट्वारॉग यांनी, आणि त्यांच्या कामाची सुरुवात झाली होती शिंपल्यांच्या स्नायूंपासून.

२. नव्वद टक्के सेरोटोनिन पोटात बनतं म्हणे. म्हणजे पोट ठीक तर मेंदू ठीक, हो ना?

पहिलं वाक्य खरं आहे, दुसरं त्यातून निघत नाही. आतड्यातलं सेरोटोनिन मेंदूत पोचतच नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडू शकत नाही. मेंदूला आपलं सेरोटोनिन आपणच बनवावं लागतं. ते बनवण्याची पहिली पायरी करणारं विकरही दोन्हीकडे वेगळं: आतड्यात टीपीएच-१, मेंदूतल्या चेतापेशींत टीपीएच-२. हे दुसरं विकर आहे हे कळायलाच २००३ उजाडलं. तोवर सगळे एकाच विकराच्या हिशोबाने चालले होते.

मेंदूतला कारखाना अगदी छोटा आहे. मेंदूस्तंभाच्या मधल्या रेषेवर राफे नावाची केंद्रकं आहेत. स्वीडनच्या आनिका डालस्ट्रोम आणि शेल फुक्से यांनी १९६४ मध्ये मेंदूचे काप फॉर्माल्डिहाइडच्या वाफेवर धरले, तेव्हा या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पिवळ्या चमकल्या. तोच पहिला नकाशा. माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी सेरोटोनिन बनवणाऱ्या फक्त काही लाख. पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले असतात.

पोट आणि मेंदू बोलतात, हे खरंच आहे. आतड्यातलं सेरोटोनिन पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस चेतेच्या टोकांना डिवचतं आणि निरोप वर जातो. पण वर जातो तो विजेचा निरोप, सेरोटोनिनची पार्सलं नव्हेत.

३. 'सिग्नल जातो' म्हणजे प्रत्यक्षात होतं काय?

राफेतली एकच पेशी डोळ्यांसमोर आणा. तुम्ही जागे आहात, तेव्हा ती सेकंदाला विजेचे एक ते तीन ठोके टाकतेय, घड्याळासारखे संथ आणि नेमाने. ठोका लांब तंतूवरून धावतो. तंतूवर माळेतल्या मण्यांसारखे फुगवटे असतात आणि प्रत्येकात सेरोटोनिनने भरलेल्या बारीक पिशव्या. ठोका पोचला की कॅल्शियम आत घुसतं, पिशव्या पेशीच्या पटलाला चिकटतात आणि रिकाम्या होतात.

इथे एक गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत दिसत नाही. ग्लुटामेटसारखा संदेशवाहक बहुधा समोरच्या एका पेशीच्या कानात कुजबुजतो. सेरोटोनिनच्या बऱ्याचशा फुगवट्यांसमोर मात्र नेमकी अशी कोणी पेशी नसतेच. ते आजूबाजूच्या द्रवात पसरतं, गल्लीत हाक मारावी तसं. ज्याचं दार उघडं त्याला ऐकू जातं. हे दार म्हणजे रिसेप्टर.

हाक मारून झाली की आवरायचं कामही असतंच. 'सर्ट' नावाचं वाहक प्रथिन सोडियमच्या जोरावर सेरोटोनिन परत पेशीत ओढतं. त्यातलं काही पुन्हा पिशव्यांत भरलं जातं, काही एमएओ हे विकर मोडतं आणि ५-एचआयएए नावाचा अवशेष उरतो (तो ७व्या उत्तरात कामाला येईल). शिवाय राफेतली पेशी स्वतःची हाक स्वतःही ऐकते. तिच्या अंगावर १ए जातीचे रिसेप्टर असतात. आसपास सेरोटोनिन वाढलं की ते तिलाच गप्प करतात. ९वं उत्तर या एका खोडीवर उभं आहे.

४. एकच रसायन झोप, भूक, उलटी, मूड, वेदना सगळीकडे कसं?

कारण ऐकणारे वेगळे. सेरोटोनिनचे सुमारे १४ प्रकारचे रिसेप्टर आहेत, सात कुळांतले. सहा कुळं पेशीच्या आतल्या जी-प्रथिनांमार्फत काम करतात: १ नंबरचं कुळ पेशीला बहुधा शांत करतं, २ नंबरचं चेतवतं. ५-एचटी ३ मात्र सरळ आयनांची खिडकी आहे; सेरोटोनिन बसलं की ती क्षणार्धात उघडते.

औषधांकडे पाहिलं की हे चटकन पटतं. केमोथेरपीच्या उलट्यांवर दिलं जाणारं ऑन्डान्सेट्रॉन ३ नंबरची खिडकी बंद करतं. अर्धशिशीवरची ट्रिप्टान १बी आणि १डी वर बसतात. भूक मारणारं फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारातून काढावं लागलं, कारण त्याचा अवशेष हृदयाच्या झडपांवरच्या २बी रिसेप्टरला चेतवून झडपा जाड करत होता. तेच औषध २०२० मध्ये द्रावे सिंड्रोम या लहान मुलांमधल्या दुर्धर अपस्मारासाठी, हृदयावर कडक नजर ठेवण्याच्या अटीवर, परत आलं. म्हणून 'सेरोटोनिन वाढवणारं औषध' असं कोणी म्हणालं की मी लगेच विचारतो: कुठे, आणि कोणत्या रिसेप्टरवर?

५. त्याला 'हॅपी हार्मोन' म्हणायचं की नाही?

नका म्हणू. मेंदूत ते हार्मोन म्हणून काम करत नाही, आणि आनंदाशी त्याचं नातं इतकं सरळ नाही.

मग ते करतं काय? जपानमध्ये ओकिनावा इथल्या संशोधन संस्थेत कात्सुहिको मियाझाकी, केंजी डोया आणि सहकाऱ्यांनी उंदरांना एका भोकात नाक धरून बक्षिसाची वाट पाहायला शिकवलं आणि त्यांच्या राफेतल्या सेरोटोनिन पेशी प्रकाशाने चेतवल्या. उंदीर जास्त वेळ थांबले. पण बक्षीस मिळायची शक्यता ७५ टक्के होती तेव्हाच. ती ५० किंवा २५ टक्क्यांवर आणली तर तोच प्रकाश टाकूनही धीर वाढेना. म्हणजे सेरोटोनिनने उंदराला खूश केलं नाही आणि नुसतं थोपवूनही धरलं नाही. 'मिळेल बहुतेक' अशी आशा आधी असेल तर तिला त्याने बळ दिलं. मला हा प्रयोग फार आवडतो.

६. रक्ततपासणीत माझं सेरोटोनिन कमी आलंय. मेंदूत कमी आहे का?

त्यावरून काही सांगता येत नाही. रक्तातलं जवळजवळ सगळं सेरोटोनिन प्लेटलेटमध्ये असतं, आणि प्लेटलेट ते स्वतः बनवत नाहीत. आतड्याकडून आलेलं सर्टमार्फत (३रं उत्तर) आत ओढून घेतात. तुम्ही एसएसआरआय गटातली, म्हणजे सर्टला अडवणारी, नैराश्यरोधक गोळी घेत असाल तर ही ओढ बंद पडते आणि आकडा आपोआप खाली येतो. ही तपासणी विशिष्ट गाठींच्या निदानात कामाची आहे, मनःस्थितीसाठी नाही.

७. मग शास्त्रज्ञ जिवंत माणसाच्या मेंदूतलं सेरोटोनिन मोजतात तरी कसं?

बरेचदा मोजतच नाहीत. त्याच्या आसपासचं काहीतरी मोजतात आणि अंदाज बांधतात. हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण ८व्या प्रश्नावरचा निम्मा वाद यातूनच उभा राहतो.

सगळ्यात जुनी रीत म्हणजे पाठीच्या कण्यात सुई घालून द्रव काढायचा आणि त्यात ५-एचआयएए किती ते बघायचं. स्टॉकहोममध्ये मारी ओसबेर्ग यांनी १९७६ मध्ये दाखवलं की हा अवशेष कमी असलेल्या नैराश्यग्रस्तांत आत्महत्येचे प्रयत्न जास्त होते. महत्त्वाचं काम. पण कमरेतून काढलेला थेंब हा अख्ख्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा सांडपाण्याचा हिशोब. कोणत्या कोपऱ्यात काय घडलं ते तो सांगत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दुसरी वाट धरली. १०१ निरोगी पुरुषांच्या मानेतल्या मोठ्या नीलेत नळी घालून मेंदूतून परतणारं रक्तच घेतलं. २००२ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांनुसार सेरोटोनिनची उलाढाल हिवाळ्यात सगळ्यात कमी होती, आणि त्या दिवशी ऊन जितकं लख्ख तितकी ती जास्त.

पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी कार्बन-११ लावलेला रेणू टोचतात. त्याचं अर्धायुष्य २० मिनिटं, म्हणजे बनवल्याबरोबर पळतपळत रुग्णापर्यंत न्यायचा. त्यातून सर्ट किती, रिसेप्टर किती हे दिसतं. सेरोटोनिन स्वतः दिसत नाही.

थेट मोजमाप झालंय, पण मोजक्या लोकांत. २०२० मध्ये एका अमेरिकी-ब्रिटिश गटाने मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेदरम्यान, जाग्या असलेल्या पाच रुग्णांत, एक बारीक कार्बन तार आत सोडली. रुग्ण पडद्यावरचे ठिपके कुठे सरकतात ते ओळखत होते आणि सेकंदाच्या दशांशाने डोपामिन-सेरोटोनिनचे चढउतार नोंदले जात होते. प्राण्यांत काम त्याहून सोपं झालंय: २०२० पासून असे संवेदक आलेत की सेरोटोनिन चिकटलं की ते प्रकाशतात. उंदराचा मेंदू अक्षरशः लुकलुकताना दिसतो.

८. नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, हे खोटं ठरलं ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि 'हो' किंवा 'नाही' एवढंच हवं असणाऱ्यांची माझ्या उत्तराने निराशा होते.

'कमतरता' ही कल्पना १९५० आणि ६०च्या दशकांतली. रक्तदाबावरच्या रेसर्पिनने मेंदूतले हे संदेशवाहक रिते होतात आणि ते घेणारे काही जण खिन्न होतात, असं दिसलं. क्षयरोगावरच्या इप्रोनियाझिडने ते वाढतात आणि रुग्ण उत्साहात येतात, असंही. दोन्ही बाजू जुळल्या. पुढे 'रासायनिक असमतोल' हा शब्द जाहिरातींनी उचलला आणि एक कामचलाऊ अंदाज सिद्ध सत्य म्हणून घरोघर गेला. ताप पॅरासिटॅमॉलने उतरतो, पण तो पॅरासिटॅमॉल कमी पडल्याने आलेला नसतो. हे एवढं साधं तेव्हाच सांगायला हवं होतं.

पुरावा काय म्हणतो? आहारातून ट्रिप्टोफॅन काढून सेरोटोनिन तात्पुरतं घटवलं तर निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. पण एसएसआरआयवर बऱ्या झालेल्या रुग्णांत तेच केलं तर अनेकांची लक्षणं काही तासांत परततात आणि नेहमीचा आहार सुरू झाला की जातात. म्हणजे सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येतंच असं नाही. पण त्या औषधाने मिळालेला आराम त्याच्यावर टेकलेला असू शकतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०२२ मध्ये जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध आढाव्यांचा आढावा घेतला आणि कमतरतेला सुसंगत पुरावा नाही असं म्हटलं. पुढच्या वर्षी संशोधकांच्या एका मोठ्या गटाने त्यांच्या पद्धतीवर बोट ठेवलं. त्याच सुमाराला लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये पेट स्कॅनने १७ नैराश्यग्रस्त आणि २० निरोगी व्यक्तींची तुलना झाली: अँफेटामिन हे उत्तेजक दिल्यावर सेरोटोनिन बाहेर पडण्याची क्षमता नैराश्यग्रस्तांत कमी दिसली. १७ म्हणजे किती कमी हे तुम्हीच बघा, त्यातल्या काहींना पार्किन्सनही होता.

माझं मत: 'किती' हा प्रश्नच तोकडा आहे. १४ रिसेप्टर, शेकडो ठिकाणं, प्रत्येक सेकंदाचा चढउतार, आणि आपण पेट्रोलच्या काट्यासारखा एक आकडा शोधत बसलो.

९. कमतरता नसेल तर गोळ्या काम कशा करतात? आणि दोन-चार आठवडे का लागतात?

कोडं असं आहे: गोळी सर्टला पहिल्या काही तासांतच अडवते. नेहमीच्या डोसला सुमारे ८० टक्के सर्ट अडलेलं असतं, हे पेट स्कॅनमध्ये दिसतं. तरीही पूर्ण बरं वाटायला आठवडे जातात.

एक उत्तर ३ऱ्या प्रश्नातल्या खोडीत आहे. बाहेर सेरोटोनिन साठलं की राफेवरचे १ए रिसेप्टर पेशीलाच गप्प करतात, त्यामुळे सुरुवातीला फारसं पुढे सरकत नाही. रोज तेच होत राहिलं की हे रिसेप्टर बधिर होतात आणि पेशी पुन्हा ठोके टाकू लागते. दुसरं उत्तर जोडण्यांचं: चेतापेशींमधले दुवे नव्याने घडायला दिवस लागतात. २०२१ मध्ये फिनलंडच्या एरो कास्ट्रेन यांच्या गटाने दाखवलं की बरीच नैराश्यरोधकं ट्रकबी या वाढ-रिसेप्टरलाही थेट चिकटतात, म्हणजे सर्टला वळसा घालून. तिसरं उत्तर ऑक्सफर्डमधलं: चेहऱ्यांवरचे भाव वाचण्यातला कल गोळीच्या पहिल्या दिवसांतच बदलतो, पण त्याचा मनावर परिणाम व्हायला माणसाला बदललेल्या नजरेने जग थोडं अनुभवावं लागतं. तिन्ही एकदमही खरी असू शकतात.

१०. मेंदूत सेरोटोनिन अजिबात नसेल तर प्राणी मरतो का?

नाही, आणि याचं आश्चर्य संशोधकांनाही वाटलं. टीपीएच-२ जनुक काढलेले उंदीर जन्मतात. त्यांची वाढ खुंटते, जवळपास निम्मे पहिल्या चार आठवड्यांत दगावतात, पण उरलेले जगतात, वजनही नंतर भरून काढतात. नर आक्रमक होतात. माद्या पिल्लांना जन्म देतात आणि मग त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. श्वास, झोप, तापमान चालू राहतं, पण सगळं थोडं बेताल.

११. कीटकांवरच्या प्रयोगांतून आपल्याला काय कळणार?

पुष्कळ. वाळवंटी टोळ एकटा असतो तेव्हा दुसऱ्या टोळापासून लांब पळतो. गर्दीत सापडला की दोन-चार तासांत तोच झुंडीकडे ओढला जातो. गर्दी कळते कशाने? मागच्या पायांच्या मांड्यांना होणाऱ्या स्पर्शाने. संशोधकांनी एकट्या टोळाच्या मागच्या मांडीवर नुसता रंगाचा ब्रश फिरवत ठेवला तरी तो झुंडीचा झाला. २००९ मध्ये कळलं की या बदलात त्याच्या छातीतल्या चेतागुच्छांत सेरोटोनिन वाढतं, आणि ते अडवलं तर बदल होत नाही. टोळाला सुखदुःख विचारता येत नाही, म्हणून इथे सेरोटोनिनचं काम उघड्यावर दिसतं: परिस्थिती बदलली, आता वागणं बदल.

१२. सेरोटोनिनच्या जीनची चाचणी करून नैराश्याचा धोका कळतो का?

कळत नाही. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या अभ्यासातून आलं की सर्टच्या जनुकाची 'आखूड' आवृत्ती असलेल्यांना आघातानंतर नैराश्य जास्त येतं. त्यावर शेकडो निबंध निघाले. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर असे १८ गाजलेले जीन तपासले. एकही टिकला नाही. चाचणी विकणारे हा दुसरा भाग सांगत नाहीत.

१३. ट्रिप्टोफॅन किंवा ५-एचटीपीच्या गोळ्या दुकानात मिळतात. घेऊ का?

ट्रिप्टोफॅन मेंदूत शिरताना इतर अमिनो आम्लांशी एकाच दारात रेटारेटी करतं, त्यामुळे जास्त खाल्लं म्हणून तेवढं आत जात नाही. ५-एचटीपी, म्हणजे ट्रिप्टोफॅन आणि सेरोटोनिन यांच्या मधला टप्पा, आत जातं, पण टीपीएचची चौकी चुकवून. मग ते जिथे जिथे पुढचं विकर आहे तिथे सेरोटोनिन होतं, आतड्यात आणि एरवी डोपामिन बनवणाऱ्या पेशींतसुद्धा. नैराश्यरोधक चालू असताना हे स्वतःहून घेणं धोक्याचं. का, ते पुढे.

१४. सेरोटोनिन जास्त झालं तर?

त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात, आणि तो काही तासांत उभा राहतो. अस्वस्थता, घाम, जुलाब, थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, पाऊल झटक्यात वर वाकवलं की घोट्याला लयीत झटके, आणि गंभीर असेल तर भडकलेला ताप. बहुधा दोन औषधं एकत्र आल्याने होतो: सेरोटोनिन मोडणारं एमएओ विकर रोखणारं औषध आणि एसएसआरआय ही सगळ्यात वाईट जोडी. वेदनाशामक ट्रॅमाडॉल आणि प्रतिजैविक लिनेझोलिड यांतही हा गुण आहे, हे अनेकांना माहीत नसतं. नव्या डॉक्टरांना आधीच्या सगळ्या गोळ्या सांगा. अशी लक्षणं दिसली तर थेट आपत्कालीन विभाग गाठा.

१५. सायलोसायबिन, एलएसडी हे पण सेरोटोनिनवरच चालतात ना?

हो, मुख्यतः २ए रिसेप्टरवर. झुरिकमध्ये १९९८ मध्ये दाखवलं की आधी केटान्सेरिनने २ए बंद केलं तर सायलोसायबिनचे भास होत नाहीत. एलएसडीचा अंमल इतके तास का टिकतो याचा एक धागा २०१७ मध्ये मिळाला: रेणू बसला की रिसेप्टरचा एक पट्टा झाकणासारखा त्यावर येतो आणि तो आत अडकतो.

पण इथेही मेख आहे. लिसुराइड हे औषधसुद्धा २ए वर बसून त्याला चेतवतं, तरी त्याने तसे भास होत नाहीत. तेच दार, तीच घंटा, आत वेगळीच माणसं उठतात. भासांशिवाय उपचार करता येतील का, ही सध्याची मोठी शोधमोहीम याच फटीतून निघाली.

१६. सेरोटोनिन कमी करणारं नैराश्यरोधक आहे असं वाचलं. मग सगळंच उलटं नाही का?

तुम्ही टियानेप्टिनबद्दल वाचलंत. ते सेरोटोनिन परत ओढण्याची क्रिया वाढवतं असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं, आणि सेरोटोनिन सिद्धान्ताविरुद्धचा पुरावा म्हणून त्याचं नाव पुढे केलं जायचं. २०१४ मध्ये उलगडा झाला: ते म्यू-ओपिऑइड रिसेप्टरवर काम करतं, म्हणजे मॉर्फिनच्या घराण्यातलं. म्हणून त्याचं व्यसनही लागतं. कोणत्याच बाजूचा पुरावा ते नव्हतं.

१७. रिसेप्टरशिवाय सेरोटोनिन काही करू शकतं का?

करू शकतं, आणि हे अगदी अलीकडे कळलंय. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यातल्या एच३ च्या पाचव्या जागेवरच्या ग्लुटामिन या अमिनो आम्लाला सेरोटोनिन रासायनिक बंधाने थेट जोडलं जातं, हे २०१९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या इयान मेझ यांच्या गटाने दाखवलं. तसं जोडलं गेलं की शेजारची जनुकं वाचली जाण्याकडे कल झुकतो. म्हणजे पिशवीत भरलं न गेलेलं, हाक म्हणून बाहेर न पडलेलं सेरोटोनिन पेशीच्या केंद्रकात जाऊन बसतं. ३ऱ्या उत्तरातली आकृती यापुढे अपुरी आहे, ती नव्याने काढावी लागेल.